बालवाडीची प्रश्नोत्तरे : कोऱ्या वहीची तक्रार

शाळा सुरू होऊन महिना उलटला की पत्रांचा सूर ठरलेला असतो : 'वर्गात नुसतं खेळवतात.' या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी तीच होती, म्हणून त्यांना एकच उत्तर देते.

मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. शाळा दर सोमवारी व्हॉट्सॲपवर आठवड्याचं नियोजन पाठवते. गेल्या आठवड्याचा विषय 'बाजार' होता. शुक्रवारी वही उघडली तर कोरी! मग फी कशाची? (जुळे सोलापूर)

अशाच एका 'बाजारा'च्या आठवड्यात मी वर्गात बसले होते. सोमवारी बाजारात कोण काय बघून आलं, याच्या गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत हात घालून, न बघता, लसूण, कारलं, कोथिंबिरीची जुडी ओळखायची होती. मग भेंडीचे ठसे. गुरुवारी वर्गात दुकान मांडलं. एक मुलगा शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणणारा, घरच्यांचा लाडका नमुना. त्याला दुकानदार केलं. 'चार वांगी द्या' म्हटल्यावर त्यानं आख्खी टोपली पुढे सरकवली. शेजारची मुलगी वीसच्या पुढे अडखळते, पण तिनं एकेक वांगं उचलून ताईंच्या ओटीत टाकलं, चारला थांबली आणि पाचव्याला हात लावणाऱ्याला दटावलं, 'झाले की चार!'

आता सांगा, मोजता कुणाला येतं? ताईंनी ते टिपलं आणि शुक्रवारी त्या मुलाला पुन्हा दुकानात बसवलं, या वेळी दोन-तीन वांग्यांचीच मागणी ठेवून. हे वहीत उतरत नाही. तुम्ही ताईंना भेटून एवढंच विचारा : 'या आठवड्यात माझी मुलगी कशात अडली आणि कशात पुढे गेली?' त्यांना सांगता आलं नाही, तर मात्र खुशाल तक्रार करा.

पहिलीला वय किती लागतं?

6 वर्षं पूर्ण. कोणत्या तारखेला पूर्ण हवीत, ते शाळेत जन्मदाखला दाखवून विचारा. सोसायटीच्या ग्रुपवर नको.

मुलगा 3 वर्षं 8 महिन्यांचा आहे. शाळेत लिहून घेत नाहीत म्हणून शिकवणी लावली. तिथे रोज दोन पानं अक्षरं गिरवतो. हल्ली हात दुखतो म्हणतो आणि पेन्सिल दिसली की पळतो. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा नाव लिहितो. काय करावं? (विडी घरकुल)

गिरवणं बंद करा. आजपासून.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की माझंच मला ऐकू येतं, तरी पुन्हा सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात; एकेक करून वर्षानुवर्षं घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत आठातली साधारण निम्मीच दिसतात. हातावरचा ताबाही आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मग मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांच्या टोकांत. तुमचा मुलगा पेन्सिल मुठीत धरत असेल तर तो चुकत नाहीये, त्याच्या वयाला शोभेल असंच धरतोय. त्याच मुठीनं दोन पानं ओढायला लावली तर हात दुखणारच. शिवाय तशीच पकड बसली, तर पुढे पहिलीत ती सोडवताना ताईंचा जीव जातो.

मग हात तयार कसा होतो? कणकेचे गोळे वळून, कागद फाडून चिकटवून, ओला रुमाल पिळून, भिंतीवर पाण्याच्या ब्रशनं मोठमोठ्या रेघा ओढून. आपल्याकडे शेंगांची चटणी घरोघर होते, त्या शेंगा त्याला फोडायला द्या. अंगठा आणि पहिली दोन बोटं तिथे जसा जोर लावतात, तोच पुढे पेन्सिलीला लागतो. फक्त समोर बसा : अख्खे शेंगदाणे या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात, तेव्हा फोडायचे त्यानं, उचलून ठेवायचे तुम्ही.

हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते भोवतालच्या साध्या वस्तूंवरच. आणि 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वर्षांच्या शिक्षणाचा पाया खेळच आहे. शेजारचा मुलगा नाव लिहितो? ते चित्रासारखं पाठ झालेलं असतं. त्यातलं एक अक्षर दुसऱ्या शब्दात ओळखतो का, विचारून बघा.

पंधरा दिवस गिरवणं थांबवूनही दुखणं राहिलं, किंवा घास धरताना, बटण लावतानाही बोटं साथ देत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरी आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, शाळा इंग्रजी. 'मूल गोंधळेल, घरी इंग्रजीच बोला' असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. (साखर पेठ)

ओळखीच्यांना नमस्कार सांगा आणि घरी तेलुगूच बोला. सोलापुरात तीन भाषा बोलणारी पोरं काल-परवाची आहेत का? एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा गोंधळ नव्हे. आजीला गोष्ट तेलुगूत सांगू द्या. गोष्टीचा क्रम कळला की तो इंग्रजीतही उपयोगी पडतो. मूल शाळेत अगदीच गप्प असेल, तर ताईंना दोन-चार तेलुगू शब्द लिहून द्या : पाणी, शू, दुखतंय. बाकीचं ताईंशी बोलून ठरवा.

'मेंदूचा उजवा भाग जागृत करणारं' किट नऊ हजारांना मिळतंय. हप्त्यानं घ्यावं का?

नाही. असं किट विकणारे डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखणारं मूल दाखवतात; ते पट्टीखालच्या फटीतून बघत असतं.

मुलगी पाच वर्षांची, 3 आणि 'ग' उलटे लिहिते.

या वयात चालतं. सात पूर्ण झाल्यावरही तसंच राहिलं, किंवा वाचनातही अडखळली, तर तपासणी करून घ्या.

मुलगा चार वर्षांचा होईल. दोन-दोन शब्दच जोडतो, हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. सासूबाई म्हणतात, 'याचे बाबाही उशिराच बोलले.' गेलं वर्षभर वाट पाहिली. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर डॉक्टरांना दाखवू म्हणतोय.

यात्रेनंतर नको, या आठवड्यात. चौथ्या वर्षी मूल चार-पाच शब्दांची वाक्यं बोलतं आणि परक्या माणसालाही त्याचं बोलणं बहुतेक कळतं. बाबांचं उदाहरण घरात सांगायला ठीक. बाबांची श्रवणचाचणी तेव्हा कुणी केली होती? आधी बालरोगतज्ज्ञ, मग कानाची तपासणी, त्यानंतर गरज असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ. वर्गाच्या ताईंकडून एक चिठ्ठी घ्या : तो इतर मुलांत मिसळतो का, गाण्यावर हातवारे करतो का, मागून आवाज दिला तर वळतो का. डॉक्टरांना ती फार कामाची असते. कदाचित काहीच निघणार नाही. पण ते डॉक्टरांनी सांगू दे.

मुलगी डाव्या हातानं रंगवते. हात बदलावा का?

नको. कात्री तेवढी डावखुऱ्यांची आणा.