वाचकांचे प्रश्न : सरकारी नकाशा शब्दांतही मिळायला हवा

प्रश्न : मी माजलगाव तालुक्यातील एका गावात राहतो. मला जन्मापासून दिसत नाही. पदवीपर्यंत शिक्षण झाले असून वर्तमानपत्र वाचणे, बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार ही सर्व कामे मी मोबाइलवर टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या सुविधेच्या, आधारे स्वतः करतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनंतर, नदीकाठच्या आमच्या शेतात खोली बांधावी की नाही, असा विचार घरात सुरू झाला. एका शासकीय कार्यालयाने पूररेषांचा नकाशा संकेतस्थळावर ठेवला आहे, असे समजले म्हणून तो उघडला. मोबाइल ‘लेबल नसलेले बटण’ असे तीन-चार वेळा बोलला आणि त्यानंतर पडद्यावर बोट कुठेही फिरवले तरी काहीच ऐकू आले नाही. कार्यालयात विचारणा केली, तेव्हा ‘नकाशा हा बघायचाच असतो, घरातल्या कोणाला तरी दाखवून घ्या’ असे सांगण्यात आले. हे उत्तर मान्य करावे का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : मान्य करू नये. कायदा काय म्हणतो ते पुढे पाहू. पण जमिनीच्या व्यवहारात हे उत्तर किती घातक आहे, ते आधी सांगणे आवश्यक वाटते. नकाशा वाचून दाखवणारा घरातला माणूस पुष्कळदा त्याच जमिनीचा वाटेकरी असतो. वाटणी व्हायची असेल, बांधावरून भाऊबंदकी चालू असेल किंवा शेजारच्या गटाच्या मालकाला ती जमीन विकत हवी असेल, तर ‘तुमचे शेत पूररेषेत येते’ हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकावे लागते, यावर सौदा फिरू शकतो. ज्या माहितीवर आपला हक्क अवलंबून आहे ती स्वतः तपासता येणे, ही दृष्टिहीन शेतकऱ्याच्या दृष्टीने सोयीची नव्हे, संरक्षणाची बाब आहे.

आपला मोबाइल गप्प का झाला, याचे कारण नकाशाच्या रचनेत आहे. संकेतस्थळावरील नकाशाची पार्श्वभूमी म्हणजे बहुधा लहान लहान चौकोनी चित्रांची मांडणी असते. नकाशा सरकवला की नवे चौकोन येऊन जागेवर बसतात. त्यांवरील गावांची नावे आणि नदीचा प्रवाह हे सारे चित्रातच रंगवलेले असते आणि टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीएसारखी वाचक प्रणाली चित्रातील अक्षरे एरवी वाचत नाही. तिला मजकूर लागतो. नकाशा लहान-मोठा करण्याची बटणे मात्र खरी बटणे असतात, परंतु नकाशा तयार करणाऱ्याने त्यांना नाव देणे टाळले, म्हणून आपल्याला ‘लेबल नसलेले बटण’ एवढेच ऐकू आले. यातील खेदाची गोष्ट अशी की आपल्याला हवे असलेले उत्तर बहुतेक वेळा त्या नकाशाच्या पोटात मजकुराच्या रूपातच असते. डोळस माणूस एखाद्या गटावर बोट ठेवतो आणि एक चौकट उघडून गट क्रमांक, क्षेत्र, गावाचे नाव दिसते, तेव्हा ती माहिती चित्रातून येत नाही. प्रत्येक गटाशी जोडलेल्या तक्त्यातून येते. त्या तक्त्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी डोळ्यांतूनच जाईल अशी ठेवलेली असते.

म्हणून आपली मागणी ‘नकाशाचे चित्र मला ऐकू यावे’ अशी न ठेवता, ‘नकाशा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते उत्तर मला शब्दांत मिळावे’ अशी ठेवावी, असे मला वाटते. पूररेषेच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर सर्वांत कडक बंधने असतात, तर दोन्ही रेषांमधील पट्ट्यात अटींच्या अधीन राहून काही कामे करता येतात. आता तालुका, गाव आणि गट क्रमांक भरला की, ‘या गटाचे एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर, पैकी निळ्या रेषेच्या आत ४० आर, दोन्ही रेषांच्या दरम्यान ३० आर, उर्वरित ५० आर लाल रेषेच्या बाहेर, गटाच्या पूर्व बाजूस’ असे एक वाक्य पडद्यावर यावे, हीच येथे सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येण्याजोगी सोय, होय. त्यासाठी नवी मोजणी लागत नाही. रेषा आणि गटांच्या हद्दी संगणकात आधीच असल्याने हे गणित नकाशाची प्रणाली स्वतः करू शकते.

जमीन शब्दांत सांगण्याची पद्धत आपल्याकडे नवीनही नाही. कोणतेही खरेदीखत काढून पाहावे; त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमुकाचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमुकाचे शेत, एवढ्या चार ओळींवर पिढ्यान्‌पिढ्या जमिनी विकल्या आणि घेतल्या गेल्या, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजही ती लिहून द्यावी लागते. तीच चतुःसीमा प्रत्येक गटाच्या माहितीत आपोआप आली, तर दृष्टिहीन व्यक्तीला आपण योग्य गट उघडला आहे याची खात्री करता येईल. नकाशा वाचण्याची सवय नसलेल्या डोळस शेतकऱ्याचेही काम सोपे होईल.

आता कायदा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम्य स्वरूपात असेल याची जबाबदारी शासनावर आहे. या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांनी शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्या तत्त्वांची २०२३ मधील तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषाची ‘डबल ए’, म्हणजे मधली, पातळी गाठण्यास सांगते. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला आहे.

एक आक्षेप आपल्यासमोर येण्याची शक्यता आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात आणि ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांत ऑनलाइन नकाशांना सवलत दिलेली आहे आणि तिचा दाखला तंत्रज्ञ मंडळी देऊ शकतात. तो दाखला पुरा वाचावा. मार्ग शोधण्यासाठी असलेल्या नकाशातील आवश्यक माहिती सुगम्य डिजिटल स्वरूपात वेगळी द्यावी, अशी अट त्याच वाक्यात घातलेली आहे. शिवाय आपल्या २०१६ च्या अधिनियमात नकाशांसाठी अशी सवलतच नाही.

आपण दोन अर्ज करावेत. पहिला, माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, आपल्या गट क्रमांकाचे किती क्षेत्र कोणत्या पूररेषेत येते हे लेखी, युनिकोड मजकुरात (वाचक प्रणालीला वाचता येणाऱ्या अक्षरांत) मागणारा. या अधिनियमाच्या कलम ७(४) नुसार दृष्टिहीन अर्जदाराला माहिती घेता यावी म्हणून आवश्यक ते साहाय्य देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. दुसरा अर्ज राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला पाठवावा. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीत ‘नकाशा चालत नाही’ एवढेच लिहू नये. पानाचा पत्ता, दिनांक, मोबाइलची प्रणाली, टॉकबॅक कोणत्या जागी काय बोलला आणि नंतर कुठे थांबला, हे क्रमाने लिहावे. शक्य असल्यास पडद्याचे आवाजासह ध्वनिचित्रमुद्रण जोडावे. असा पुरावा जोडलेली तक्रार ‘आमच्याकडे व्यवस्थित दिसते’ या उत्तरावर बंद करणे अवघड जाते.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत संगणक विभागाचे काम पाहते. शहरातील कार्यालये, दवाखाने, सार्वजनिक शौचालये आणि पाण्याच्या टाक्या दाखवणारा नकाशा आम्ही संकेतस्थळावर ठेवणार आहोत. तो दिव्यांग नागरिकांना वापरता यावा अशी माझी इच्छा आहे, पण वरिष्ठ म्हणतात की तो उघडणारे असे किती जण असणार? निधीही फारसा नाही. निदान काय करता येईल?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि २०१६ च्या अधिनियमाने मान्य केलेले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्या वेळी विचारात घेतलेले नव्हते. वरिष्ठांना हा आकडा अवश्य दाखवावा.

सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत परिणामकारक आहे : नकाशाच्या शेजारी त्याच ठिकाणांची प्रभागनिहाय यादी द्या. ठिकाणाचे नाव, पत्ता, जवळची खूण, उघडण्याची वेळ, दूरध्वनी. ही यादी साध्या मजकुरात, युनिकोडमध्ये असावी. युनिकोडपूर्वीच्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) तयार केलेली किंवा कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ वाचक प्रणालीसाठी निरुपयोगी असते. जुन्या टंकातील मराठी ती निरर्थक रोमन अक्षरांसारखी वाचते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही पानाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) करावी, नाहीतर काही प्रणाली मराठी मजकूर परक्या उच्चारांत वाचू लागतात. यादी आणि नकाशा एकाच तक्त्यातून तयार झाले पाहिजेत; वेगवेगळे ठेवले, तर सहा महिन्यांत यादी शिळी होते आणि तिच्यावर विसंबलेला माणूस हलवलेल्या दवाखान्याच्या बंद दारापाशी उभा राहतो.

त्यानंतर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी नकाशा वापरून पाहा. प्रत्येक बटणावर पोहोचता येते का, पोहोचल्यावर ते ठळकपणे दिसते का आणि नकाशात शिरल्यावर टॅबने बाहेर पडता येते का, हे तपासा. या शेवटच्या कसोटीत अनेक नकाशे अडकतात. दोन बोटांनी चिमटा घेऊनच मोठा होणारा नकाशा कंप असलेल्या हातांना वापरता येत नाही, म्हणून अधिक-उणेची बटणे राहू द्यावीत आणि ती पुरेशी मोठी असावीत.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती तंत्रज्ञाच्या हातून सुटते. नकाशावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह लावले म्हणजे इमारत सुगम्य होत नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत रॅम्प बांधलेला असतो, पण त्याच्या तोंडाशी उघडी नाली असते किंवा त्यावर दुचाकी लावलेल्या असतात. कुठे रॅम्प इतका चढा असतो की मागून ढकलणारा दमतो. चिन्हाऐवजी यादीत स्पष्ट लिहा : रॅम्प आहे, उतार १ : १२ आहे किंवा नाही, दाराची रुंदी किती, काम कोणत्या मजल्यावर होते, उद्वाहन (लिफ्ट) चालू आहे का, शौचालयात खुर्ची वळते का. ही माहिती गोळा करताना शहरातील खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या नागरिकाला सोबत घ्या आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्या. निधी थोडा असेल, तर तो येथे खर्च करावा. देखण्या चिन्हांवर करू नये.

प्रश्न : टंचाईच्या नकाशांत तालुके लाल, केशरी आणि हिरव्या रंगांत दाखवतात. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. माझ्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. मला तक्रार करता येईल का?
– एक शिक्षक, जि. हिंगोली

उत्तर : रंगांधत्व २०१६ च्या अधिनियमातील २१ प्रकारांत नाही, त्यामुळे त्या अधिनियमाखालील प्रमाणपत्र आपल्याला मिळणार नाही. परंतु केवळ रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये, हा निकष डब्ल्यूसीएजीच्या पहिल्या, म्हणजे किमान पातळीतच आहे आणि त्याचा आधार घेण्यास प्रमाणपत्र लागत नाही. प्रत्येक तालुक्यावर टंचाईची श्रेणी अक्षरांत लिहावी, रंगांसोबत आडव्या-तिरप्या रेघांचे नमुने वापरावेत आणि खाली तालुकानिहाय तक्ता द्यावा, अशी मागणी आपण संबंधित कार्यालयाकडे आणि ‘आपले सरकार’ या तक्रार निवारण प्रणालीवर करू शकता. तोवर अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये, सुलभता विभागात, ‘रंग सुधारणा’ हा पर्याय सुरू करून पाहा. त्यातील लाल-हिरव्यासाठीचे पर्याय आलटून पालटून तपासल्यास बहुतेक नकाशांतील छटा वेगळ्या ओळखू येऊ लागतात.