पर्वरी, ताळगाव की फोंडा: लहान मुलांसह घर कुठे घ्यावे

आपण सावंतवाडीहून गोव्यात येत आहात, आपली नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि सौभाग्यवतींची पणजीत पाटोवर आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आणि मुलगा आठ महिन्यांचा आहे. पर्वरी, ताळगाव आणि फोंडा या तीन ठिकाणी आपण भाड्याचे फ्लॅट पाहून ठेवले आहेत. पर्वरीचा नवा आणि प्रशस्त आहे, ताळगावचा जुना आणि लहान आहे, फोंड्याचे भाडे सर्वांत कमी आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: ताळगावचा घ्यावा, मात्र पुढे लिहिलेल्या दोन गोष्टी तपासून. कारणे थोडी विस्ताराने लिहितो, कारण सोळा-सतरा वर्षांपूर्वी याच वळणावर आम्ही उलट, म्हणजे पर्वरीचा, निर्णय घेतला होता आणि त्याची किंमत सात वर्षे मोजली होती.

घर शोधताना आपण सगळेच नोकरीपासूनचे अंतर मोजतो. मोठ्या माणसांपुरते ते ठीक आहे, कारण मोठी माणसे प्रवास सोसतात. लहान मुलांच्या घरात मोजायचे अंतर वेगळे असते. सकाळी अकराच्या सुमारास बालवाडीतून फोन येतो की मुलीला ताप भरला आहे, घेऊन जा. त्या वेळी दोघांपैकी जो जवळ असेल तो किती मिनिटांत तिथे पोचेल, हे ते अंतर. पहिल्या पावसाळ्यात हा फोन इतक्या वेळा येतो की कार्यालयातील सहकारी आपल्याआधी उठून उभे राहतात. आपल्या बाबतीत तो फोन आपल्याला घेता येणार नाही, कारण तिन्ही घरांपैकी कुठेही यायचे म्हटले तरी वेर्ण्याहून झुआरी नदी ओलांडावी लागेल. नवा झुआरी पूल डिसेंबर २०२२मध्ये एका बाजूने आणि वर्षभराने दुसऱ्या बाजूने खुला झाल्यापासून कुठ्ठाळीची ती कुप्रसिद्ध कोंडी पुष्कळ सुटली, हे खरे आहे. तरीही तापलेल्या मुलीसाठी वेर्ण्याहून निघणे हा उपाय नव्हे. म्हणजे वर्तुळाचा मध्य पाटो हा धरावा आणि घर, बालवाडी व बालरोगतज्ज्ञ हे तिन्ही त्याच्या जवळ, शक्यतो नदीच्या एकाच बाजूला असावेत. आठ महिन्यांचे बाळ अंगावर पीत असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते.

आता पर्वरीविषयी. नकाशावर पर्वरी म्हणजे मांडवी ओलांडली की आलीच, जेमतेम पाच-सहा किलोमीटर, आणि २०१९मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर तर ती आणखी जवळ आली असे वाटते. परंतु पर्वरीच्या पठाराला राष्ट्रीय महामार्ग ६६ मधोमध चिरून जातो. बालवाडी एका अंगाला आणि डॉक्टर दुसऱ्या अंगाला असला की एका कडेवर बाळ आणि हाताला मूल धरून तो रस्ता ओलांडणे हे रोजचे काम होऊन बसते. महामार्गावरच्या उड्डाणपुलामुळे लांबची वाहने वरून जातील हे मान्य. पण अशा बांधकामाच्या काळातील धूळ, वळवलेली वाहतूक आणि तुंबलेले चौक यांच्यात वाढणाऱ्या मुलाला पुढच्या सोयीचे कौतुक नसते. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीत असले तरी पर्वरी ही नगरपालिका नाही. ती पेन्ह-द-फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर-द-मुंद या पंचायतींत विभागलेली आहे. कचरा कधी उचलला जातो, आतल्या रस्त्यावर दिवा आहे की नाही, हे आपली इमारत कोणत्या पंचायतीत येते त्यावर ठरते, आणि कधी कधी रस्त्याच्या दोन बाजूंची उत्तरे दोन निघतात.

पाण्याचे मात्र मी स्वतः भोगले आहे. आम्ही घर डिसेंबरात पाहिले. डिसेंबरात गोव्यातले प्रत्येक घर चांगलेच दिसते: हवा कोरडी, भिंती नुकत्या रंगवलेल्या, नळाला पाणी, गॅलरीतून दूरवर मांडवीची चकाकती रेघ. पठाराच्या माथ्यावरच्या त्या इमारतीत मे महिन्यात पाणी एक दिवसाआड येऊ लागले, मग तेही तासभरच, आणि पहाटे पाचला टँकरवाल्याला फोन करणे हा घरधन्याचा, म्हणजे माझा, नित्यनेम झाला. बार्देशाचे, म्हणजे पर्वरी ज्या तालुक्यात येते त्याचे, पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून येते आणि त्या प्रकल्पाची बरीच भिस्त तिळारीच्या कालव्यावर आहे. कालव्याला भगदाड पडले किंवा तो दुरुस्तीसाठी बंद ठेवला की टंचाई सगळ्यांना जाणवते, पण उंचावर आणि नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना ती आधी जाणवते. इमारत बांधणाऱ्याने बोअरवेलचे आश्वासन दिले होते. बोअरवेल होतीही. तिचे पाणी लालसर येई आणि त्यात बाळाचे कपडे धुवावेत असे पत्नीला कधी वाटले नाही.

हे लिहिताना पर्वरीवर अन्याय करू इच्छित नाही. सुकुराच्या बाजूला, महामार्गापासून आत, स्वतःची विहीर असलेल्या जुन्या घरांत राहणारी कुटुंबे अतिशय सुखात आहेत. गोमंतक मराठी अकादमीचे मराठी भवनही पर्वरीतच आहे. आपल्याला तसे घर मिळत असते तर माझे उत्तर कदाचित बदलले असते. आपण पाहिलेला फ्लॅट महामार्गालगत आहे आणि वरच्या मजल्यावर आहे, म्हणून हे लिहिले.

ताळगाव हा मुळात शेताचा गाव. इथली वांगी अजून बाजारात नावाने मागितली जातात, आणि पणजीच्या इतक्या जवळ असूनही शेतांचे काही पट्टे शिल्लक आहेत. हेच ताळगावचे सुख आणि हीच तिथली पहिली तपासणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ज्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, वा शेतात पूर्वी ते पाणी मुरत असे त्यावर भराव घालून इमारत उभी राहिली असेल, तर पाणी आपली जुनी वाट शोधतेच. पणजीत मळा नावाच्या भागात आणि अठरा जून रस्त्यावर भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की काय होते, ते कोणाही दुकानदाराला विचारावे. म्हणून इमारतीच्या तळाशी, जिथे गाड्या लावतात, त्या खांबांवर घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीला ओलीची रेघ दिसते का ते पाहावे. रेघेवर ताजा रंग दिसला तर अधिक लक्ष द्यावे. मालक सांगणार नाही, दलाल तर नाहीच. राखणदार आणि सकाळी दारावर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सांगेल.

दुसरी तपासणी जिन्याची. जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. तिसरा मजला, कडेवर बाळ, एका हातात साडेतीन वर्षांची मुलगी आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी, हे चित्र डोळ्यांसमोर आणून मगच होकार द्यावा. पहिला मजला मिळत असेल तर थोडे भाडे अधिक देऊनही घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत ताळगाव अगदी निर्धोक आहे असेही नाही. तिसवाडीचे, म्हणजे पणजी आणि ताळगावच्या तालुक्याचे, पाणी फोंड्याकडच्या ओपा प्रकल्पातून येते, आणि ऑगस्ट २०१९मध्ये तिथली मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा ऐन पावसाळ्यात पणजी आणि आसपासच्या लोकांचे नळ अनेक दिवस कोरडे होते. पण तो अपघात होता. पर्वरीच्या माथ्यावर मी पाहिला तो दरवर्षीचा क्रम होता.

शाळेविषयी आपण विचारलेले नाही, पण माझ्या मते घराचा निर्णय निम्मा तिथेच होतो. गोव्यातील बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या आहेत, काही कोकणी. माध्यमिक शाळा मात्र जवळजवळ सर्वत्र इंग्रजी माध्यमाच्या. म्हणजे मुलगी मराठीतून शिकली तर पाचवीला तिची भाषा बदलते आणि बहुधा शाळाही बदलते. मी स्वतः मुलांना मराठी प्राथमिक शाळेत घातले आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. तरी घर निवडताना बालवाडी जवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. सात वर्षांनी ती ज्या माध्यमिक शाळेत जाईल तिथपर्यंतचा रस्ता आजच चालून पाहावा. पणजीतील काही शाळा आता बांबोळीजवळ कुजिराच्या संकुलात गेल्या आहेत, ताळगावहून ते फार दूर नाही. शाळेला बालरथ, म्हणजे मुलांची बस, असेल तर तो आपल्या दारासमोर थांबतो की तिठ्यावर, हेही विचारून घ्यावे, कारण जुलैत त्या दोनशे पावलांत दप्तर भिजते. कोकणीची चिंता करू नका. दोन पावसाळ्यांत मुलगी शेजारच्या मुलांशी इतक्या सफाईने भांडू लागेल की आपल्यालाच अर्थ विचारावा लागेल.

फोंड्याविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो, कारण मनाने मी फोंड्याचा आहे. मराठी वातावरण, नाटक, भजन, राजीव गांधी कला मंदिर, कवळे-मंगेशीच्या जत्रा, चवथीला गजबजणारा बाजार, हे सगळे मुलांच्या वाढत्या वयाला फार पोषक असते. वेर्ण्याला बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे जाता येते, त्यामुळे आपल्याला एकट्याला तो पर्याय वाईट नाही. परंतु पाटो तिथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. बाणस्तारीच्या पुलावर वाहने अडकली की सौभाग्यवती घरी पोचेपर्यंत बाळ झोपलेले असेल. त्यांची बदली फोंड्याच्या शाखेत होऊ शकत असेल तर मात्र मागे वळून न पाहता फोंडा घ्यावा. तशी शक्यता आहे का, हे त्यांनी करारापूर्वीच कार्यालयात विचारावे.

ताळगावच्या जमेच्या बाजूला आणखी काही गोष्टी आहेत, त्या मूल चार-पाच वर्षांचे झाले की कळतात. कांपालचे बालभवन, बाग, मिरामारचा किनारा, पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय आणि त्यातील मुलांचा विभाग, हे सगळे बसने किंवा स्कूटरने थोड्या वेळात गाठता येते. शनिवारी दुपारी आई ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरूनच मुलांना घेऊन घरी परतू शकते. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. रात्री दोनला बाळाचा श्वास भरून आला तेव्हा या अंतराचे महत्त्व आम्ही एकदा अनुभवले आहे; ताळगावहून तिथे पूल न ओलांडता जाता येते.

करार अकरा महिन्यांचाच करावा, मालकाने आग्रह धरला तरी तीन वर्षांचा करू नये. भाडेकरूची पोलीस ठाण्यातील पडताळणी पहिल्याच आठवड्यात उरकावी. आणि शक्य असेल तर जूनपूर्वी घाईने येण्याऐवजी पहिला पाऊस चांगला लागल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भरतीची वेळ पाहून मुलीला सोबत घेऊन त्या गल्लीतून बालवाडीपर्यंत एकदा चालत जावे. आपल्या सासूबाई अधूनमधून राहायला येणार असल्याचे लिहिले आहे, तर त्यांनाही त्या दिवशी आणावे. मुलांना घेऊन त्या रस्त्याने दुपारी त्याच जाणार आहेत.