दोन कृष्णविवरं एक झाली की नवं विवर धक्का खाऊन पळतं म्हणतात. पण क्षितिजातून, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या विवराच्या सीमेतून, काहीच बाहेर येत नाही, मग धक्का कशाचा?

अगदी हाच प्रश्न माझ्या साडूने दोन दिवाळ्यांपूर्वी चकली चावत अख्ख्या सासरवाडीसमोर टाकला होता. सूर मात्र निराळा. "गुरुत्वाच्या लाटांना वजन नाही, मग धक्का कसला? तुम्ही मास्तर लोक काहीही ठोकता." अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात एकोणीस वर्षं गेलीत माझी. लागलं ते.

तेवढ्यात अंगणात पोरांनी भुईचक्र पेटवलं. सादळलेलं असावं. गरगरायचं सोडून ते एकाच अंगाने भसाभस ठिणग्या ओकत फरशीवरून सरकत निघालं आणि थेट साडूच्या खुर्चीखाली घुसलं. नव्या कुर्त्याला मागून रुपयाएवढं भोक. मी म्हटलं, "हा घ्या धक्का." तेव्हा गप्प बसायला हवं होतं, असं बायको अजून ऐकवते.

संवेग न्यायला वजन लागत नाही, प्रकाशही नेतो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश आणि काळाच्या एकत्रित पटावर (अवकाशकालात) उठणारे तरंग, एका बाजूला जास्त गेल्या की उरलेलं विवर उलट दिशेला ढकललं जातं. स्वतःभोवती न फिरणाऱ्या विवरांत हा वेग फार तर सेकंदाला 175 किलोमीटर. फिरणारी असतील आणि त्यांचे अक्ष कक्षेच्या प्रतलात आडवे असतील, तर हजारोंत जातो. जानेवारी 2020 मध्ये टिपलेल्या एका जोडीचा सुमारे 1500 निघाला. सूर्यापासून निघून आकाशगंगेबाहेर पडायला साडेपाचशेच्या आसपास पुरतो!

आता क्षितिज. आतून काही येत नाही, कबूल. लहरी बाहेरच्या अवकाशकालात उठतात. पण क्षितिजाचा आकारही तोच अवकाशकाल ठरवतो ना! नवं सामाईक क्षितिज सुरुवातीला वेडंवाकडं असतं, लहान विवर गिळलं त्या बाजूला वक्रता जास्त. ते गोलसर होताना लहरींचा जोर बदलतो आणि मिळालेला वेग शेवटी थोडा उतरतो. हा उलटा धक्का क्षितिजावरच्या वक्रतेशी कसा जुळतो, ते रेझोला, मासेडो आणि हारामियो या भौतिकशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये सोप्या प्रतिकृतीवर दाखवलं. "क्षितिज दिसतच नाही, तर बोलता कशाला," हे साडूचं पालुपद. जानेवारी 2025 च्या विलीनीकरणात लहरींवरूनच क्षितिजांचं क्षेत्रफळ काढलं: आधी दोघांचं मिळून सुमारे 2,40,000 चौरस किलोमीटर, नंतर 4,00,000. हॉकिंग 1971 मध्ये म्हणाले होते तसं, वाढलेलंच.

राहिलं एक. त्या 1500 वाल्या नोंदीत यंत्राचा खरखराट मिसळला होता, त्यामुळे आकड्यावर वाद आहे. आणि भुईचक्राची आग आतून येते, विवराचं तसं नाही. तेवढं साडूचं बरोबर होतं. कुर्त्याचे पैसे तरीही मी देणार नाही.