युद्धात वाढणाऱ्या मुलांवरची चित्रपुस्तकं तिसरी ते पाचवीच्या वर्गात कशी वाचावीत?

नागपुरातल्या तुमच्या वाचनवर्गात तिसरी ते पाचवीची 25 मुलं आहेत. टीव्हीवर लढाया बघून ती प्रश्न विचारतात आणि चित्रपुस्तकं बहुतेक इंग्रजीत मिळतात. तेव्हा कोणती घ्यावीत आणि कशी वाचावीत, असं तुम्ही विचारलंय.

मलपृष्ठावर छापलेल्या वयोगटावर जाऊ नका. पुस्तक हाती आलं की आधी मजकूर तळहाताने झाकून नुसती चित्रं बघा, कारण मागच्या रांगेतल्या मुलापर्यंत तेवढंच पोचतं. मग थेट शेवटच्या पानावर जा. तिथे मुलाजवळ कोणीतरी आपलं माणूस उरलेलं असेल, तर तिसरीला चालेल. नसेल तर थांबा. या कसोटीवर काही नावाजलेली पुस्तकंही मागे पडतात. रोबेर्तो इनोचेंती यांचं 'रोझ ब्लांश' (1985) चित्रांच्या दृष्टीने फार मोठं काम आहे. पण छळछावणीतल्या मुलांना चोरून खाणं नेऊन देणारी ती जर्मन मुलगी शेवटी धुक्यात मारली जाते आणि ते चित्रात दाखवलेलं नाही. मोठ्या वाचकाला ही खुबी वाटते. तिसरीतलं मूल मात्र 'मग ती गेली कुठे?' एवढंच विचारत राहतं, आणि शेजारचा एखादा पोरगा मोठ्याने सांगून मोकळा होतो. तोशी मारुकींच्या, हिरोशिमावरच्या अणुबॉम्बबद्दलच्या 'हिरोशिमा नो पिका'मध्ये (1980) जळालेली, अंगावर कपडे न उरलेली माणसं आहेत. ते सातवीच्या आत नकोच.

सुरुवात शब्द नसलेल्या पुस्तकाने करा. निकोलाय पोपोव या रशियन चित्रकाराचं 'व्हाय?' घ्या. बेडकाच्या हातातलं फूल उंदीर हिसकावतो आणि बघता बघता दोन्हीकडच्या फौजा येतात. शेवटी हिरवं कुरण काळं पडतं. भाषेची अडचणच नाही. तुम्ही फक्त पानं उलटा, मुलं बोलतील. सुरुवातीला हसतात, हसू द्या. कुठल्या पानावर हसणं थांबलं ते लक्षात ठेवा. गप्पा तिथून सुरू होतात.

दुसरं, फ्रान्चेस्का सान्ना यांचं 'द जर्नी' (2016). युद्धात वडील जातात, आई दोन मुलांना घेऊन देश सोडते. देशाचं नाव कुठेच नाही, आणि ते तुम्हीही घालू नका. नाव घातलं की मुलं लगेच कोण बरोबर, कोण चूक यावर येतात. ती तिघं नव्या घरी पोचण्याआधीच पुस्तक संपतं, पण आई सोबत आहे, म्हणून चौथीला पेलतं.

तिसरं, माझ्या मते नागपुरात सगळ्यांत जवळचं: नीना सबनानी यांचं 'मुकंद अँड रियाज', तूलिका प्रकाशन, चेन्नई. 1947, कराची, दोन दोस्त. एकाला घर सोडून जावं लागतं, दुसरा त्याला मदत करतो. कथा लेखिकेच्या वडिलांची, आणि चित्रं कापडाचे तुकडे शिवून केलेली. फाळणी हे दोन सैन्यांचं युद्ध नव्हतं, हे खरं. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर घर, मित्र आणि गल्ली सुटणं तेच. आपल्याकडे जरीपटक्यात सिंधी कुटुंबं त्याच काळात येऊन वसली. वर्गात तिकडचं मूल असेल तर त्याला उभं करून 'तुझ्या घरचं सांग' म्हणू नका. घरी विचारून यायला सगळ्यांनाच सांगा: आपलं कुटुंब नागपुरात कुठून आलं, येताना काय आणलं? कोणी छिंदवाड्याहून आलेलं असतं, कोणी भंडाऱ्याहून, आणि मग एकच मूल वेगळं पडत नाही. तूलिका अनेक भारतीय भाषांत पुस्तकं काढते, मागवताना मराठी आवृत्तीचं विचारा.

आता वाचण्याची पद्धत. इंग्रजी वाचत जागच्या जागी मराठी करू नका. वाक्य अडखळतं, मुलं चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघतात. आदल्या दिवशी प्रत्येक जोडपानाला दोन-तीन वाक्यं मराठीत लिहा, चिठ्ठी मागच्या बाजूला चिकटवा. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं, म्हणजे साधारण 14-15 जोडपानं. प्रत्येकी मिनिटभर दिलं तरी पुरतं. 25 मुलं एकदम बसवली तर मागच्यांना काही दिसत नाही. दोन गट करा, 12-13 जणांचं अर्धवर्तुळ, पुस्तक तुमच्या खांद्याच्या बाजूला आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलात?' हा प्रश्न घातलात की खेळ खलास. युद्ध वाईट असतं, असं सगळे एका सुरात म्हणतील आणि घरी जातील. 'कुठलं पान परत बघायचं?' एवढंच विचारा. कामठीच्या छावणीतली, वायुसेनानगरची किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीतल्या घरांतली मुलं असू शकतात; ज्याचे बाबा फौजेत आहेत त्याच्यासमोर सैनिक म्हणजे दुष्ट असा सूर लागता कामा नये. 'आपल्याकडे बॉम्ब पडेल का?' हे येणारच. खोटी हमी देऊ नका. आज आपण सुरक्षित आहोत आणि काही झालंच तर मोठी माणसं काय करतील, एवढं सरळ सांगा.

पाचवीसाठी दोन गोष्टी, दुरुस्तीसह. पहिली, हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या सादाको सासाकीची. ती 1955 मध्ये 12 वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगाने गेली. हजार कागदी पक्षी केले की इच्छा पूर्ण होते, या समजुतीने ती आजारपणात ते करत होती. तिचे 644 पक्षी झाले आणि उरलेले मैत्रिणींनी केले, हे लोकप्रिय पुस्तकातलं. प्रत्यक्षात तिने हजाराचा आकडा ओलांडला होता. पक्षी करायला लावणार असाल तर जुन्या मासिकाचे 15 सेंटिमीटरचे चौरस कापा. कार्डशीट मुडपत नाही, पतंगाचा कागद फाटतो. वरचा थर उचलून लांबट शंकरपाळं करायचं, तिथे निम्मी मुलं अडतात, तेवढी घडी तुम्ही करून द्या. दुसरी, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या, बॉम्बहल्ल्यात सुटतील या भीतीने उपाशी मारलेल्या हत्तींची. गोष्टीत बॉम्ब पडत असतात. हत्ती मेले 1943 मध्ये, आणि टोकियोवर सतत हल्ले सुरू झाले ते 1944 च्या अखेरीस. पाचवीला ही तफावत आधी सांगूनच वाचा. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आलेली मुलं या गोष्टीने फार हलतात, म्हणून तिच्यासाठी अख्खा तास मोकळा ठेवा, आणि पालकांना दोन दिवस आधी चिठ्ठी पाठवा.