बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचा नोड चालवायचं सॉफ्टवेअर) व्यवहार नाकारतो, ‘इनपुट्स मिसिंग ऑर स्पेंट’ म्हणतो, म्हणजे खर्चायची नाणी सापडत नाहीत किंवा आधीच खर्च झालीत. काय करू?
आधी नोड, म्हणजे व्यवहारांची नोंदवही ठेवणारा तुमचा संगणक, ताज्या ब्लॉकपर्यंत (नोंदींच्या नव्या गठ्ठ्यापर्यंत) पोचलाय का ते बघा, भाऊ. आमच्या भुसावळला मे महिन्यात दुपारची लाईट गेली की नोड मागे पडतो. मग कालच आलेली नाणी त्याला ठाऊकच नसतात आणि हीच वजा २५ ची एरर येते.

सिंक पूर्ण असेल तर ‘गेटटीएक्सआउट’ या कमांडला ती नाणी ज्या व्यवहारातून आली त्याचा आयडी आणि आउटपुट क्रमांक (त्या व्यवहारातलं कितवं आउटपुट ते) द्या. क्रमांक ० पासून सुरू होतो, तिथेच बरेचजण चुकतात. उत्तर रिकामं आलं तर ती नाणी खर्च झालीत किंवा आयडी नाहीतर क्रमांक चुकलाय. तोच व्यवहार पुन्हापुन्हा पाठवू नका. दुरुस्तीनंतर ‘टेस्टमेमपूलअ‍ॅक्सेप्ट’ या कमांडने नोड तो स्वीकारेल का ते तपासा, त्याने व्यवहार नेटवर्कवर जात नाही. ‘मिन रिले फी नॉट मेट’ दिसलं, म्हणजे फी किमान मर्यादेपेक्षा कमी पडली, तर फी वाढवून नव्याने सही करा.