सोनेरी टाइल्स आणि मारलेलं गच

प्रश्न : दिवाळीत दौलताबादला गेलो होतो, तिथं चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचे तुकडे अजून दिसतात. गाईड म्हणाला ही इराणी कला, तिकडच्या दर्ग्यांत तर सोन्याच्या टाइल्स आहेत. खरंच सोनं असतं का? आणि प्लास्टरवर इतकी बारीक नक्षी कशी कोरतात, आमच्या घरी पीओपीवाल्याचं घमेलं तर बघता बघता दगड झालं!
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सोन्याचा वर्ख लावलेल्या टाइल्सही असायच्या, पण गाईडचा रोख बहुतेक इराणातल्या काशान शहराच्या चमकदार टाइल्सकडे असावा आणि त्यांत सोनं नसतं. पांढरी झिलई दिलेली टाइल एकदा भाजायची, मग तिच्यावर चांदी-तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढायची आणि परत भट्टीत घालून मुद्दाम धूर कोंडायचा. धुरामुळे धातूचा अगदी पातळ थर टाइलवर राहतो, बाकीची राख पुसून काढली की सोन्यासारखी चमक. भट्टी बिघडली तर सगळी मेहनत पाण्यात.

आता तुमचं घमेलं. तेही जिप्समच आणि इराणी कारागिरांचंही जिप्समच, फक्त ते लोक पाणी घालून ढवळतच राहायचे, थांबायचेच नाहीत, त्यामुळे ते पटकन घट्ट होत नाही आणि कोरायला निवांत वेळ मिळतो. फारसीत त्याला मारलेलं गच म्हणतात (गच म्हणजे जिप्समचं प्लास्टर), आयुर्वेदात पारा मारतात ना, तसंच. आणि गच म्हटलं की आपली गच्ची आठवतेच, शब्द तिकडूनच आलाय.

दोन्ही कामं एकाच ठिकाणी बघायची तर तेहरानजवळ वरामीनला इमामजादा याह्याची कबर आहे. तिथं 1262 च्या सुमाराच्या आठ टोकांच्या चांदण्या आणि मधे क्रॉस अशा टाइल्स भिंतभर होत्या, 1265 चा मेहराबही (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) तसाच चमकदार. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्या उचकटून विकल्या. आज चांदण्या लंडनपासून कुठकुठल्या म्युझियममधे पडल्यात, मेहराब तर थेट हवाई बेटांवरच्या होनोलुलूत! म्हणजे कबर इराणात आणि तिचा मेहराब पॅसिफिक महासागरात, काय बोलायचं.

वरच्या भिंतीवरचा 1307 चा कोरीव प्लास्टरचा पट्टा मात्र जागेवरच आहे, कारण टाइल सुटी काढता येते, प्लास्टर उचकटलं की हातात भुगाच येतो.