सलूनची आजी गोव्यात सापडते

प्रश्न असा: दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ सालचा डबा जपून ठेवलाय. त्याला ‘सलून’ म्हणतात. केस कापायच्या दुकानाचं नाव महाराजांच्या डब्याला कसं चिकटलं? त्यापेक्षा ‘शाही बोगी’ म्हणावं का?

मुळीच म्हणू नये. बोगी म्हणजे डबा नव्हे! फलाटावरून जरा वाकून डब्याखाली बघा. चाकं, आस आणि स्प्रिंगा ज्या सांगाड्यात बसवलेल्या दिसतात, तो सांगाडा म्हणजे बोगी. एका डब्याखाली सहसा दोन असतात. ‘आमची बोगी एस-४’ हे ऐकून ऐकून कान किटले. तुमची बोगी रुळावर आहे, तुम्ही डब्यात आहात.

आता सलून. न्हाव्याचं सलून आणि महाराजांचं सलून ही सख्खी भावंडं. कुणी कुणाचं नाव उचललेलं नाही. इटालियनमध्ये ‘साला’ म्हणजे दिवाणखाना. त्या भाषेत शब्दाला ‘ओने’ लावला की वस्तू मोठी होते, म्हणून ‘सालोने’ म्हणजे मोठा दिवाणखाना. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि शेपूट ‘ऊन’ झालं. मला खरा आनंद या शेपटाचा! ‘कार्ता’ म्हणजे कागद, ‘कार्तोने’ म्हणजे जाड मोठा कागद. त्यावर चित्राचा कच्चा आराखडा काढत, त्याचं झालं कार्टून. बलूनही तसंच, मोठा चेंडू. सलून, कार्टून, बलून: तिघांचं शेपूट एकच, आणि तिन्ही शब्द आपण मराठी असल्यासारखे वापरतो.

काही जाणकार सलूनचा उगम संस्कृत ‘शाला’त दाखवतात. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. ‘साला’ जर्मानिक भाषांतून इटालियनमध्ये गेला. जर्मनमध्ये आजही ‘झाल’ म्हणजे सभागृह. शालेचं नातंच जोडायचं तर ते इंग्रजी ‘हॉल’शी जोडा, दोघांचा धातू ‘झाकणे’ या अर्थाचा मानतात. सलूनला त्यात ओढू नका.

नातं हवंच असेल तर गोव्यात जा. जुन्या ख्रिस्ती घरात पाहुण्यांना बसवायची मोठी खोली, तिला ‘साल’ म्हणतात. पोर्तुगीज ‘साला’, तोच हा शब्द. गायकवाडांच्या डब्यातही बैठकीची जागा होती म्हणून तो सलून. रेल्वेतली माणसं साहेबांच्या पाहणीच्या डब्याला अजून सलूनच म्हणतात. त्यांच्या तोंडी शब्द बरोबर बसलाय.